बंदुका थांबल्यानंतरची मतदार यादी: निवडणूक आणि घटनानिर्मितीत आदिवासी-वंचितांना खरी जागा कशी मिळवून द्यायची

मे १९९९ मध्ये ग्वाटेमालात सार्वमत झालं. त्याआधी छत्तीस वर्षं तिथे यादवी चालली होती. सुमारे दोन लाख माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली. सत्यशोधन आयोगाला ज्या बळींची ओळख पटवता आली, त्यांत ८३ टक्के माया आदिवासी होते. आदिवासींची ओळख आणि हक्क यांवर १९९५ सालीच स्वतंत्र करार झाला होता, १९९६ च्या डिसेंबरात अंतिम शांतता करार झाला, आणि आता करारातली वचनं राज्यघटनेत लिहायची होती. शांतता करारांनी मागितलेले बदल दहा-बाराच होते. संसदेत गेल्यावर ते पन्नास झाले आणि चार प्रश्नांची चार गाठोडी बांधून लोकांपुढे ठेवले गेले. मतदान केंद्रं मुख्यतः नगरपालिकेच्या मुख्य गावात होती, म्हणजे डोंगरातल्या वस्तीवरून दिवसाची मजुरी बुडवून जायचं. नोंदणीकृत मतदारांपैकी पाचातला एकसुद्धा मतदानाला आला नाही. चारही प्रश्न पडले. आदिवासीबहुल डोंगराळ भागांतून ‘हो’ला चांगली साथ मिळाली, पण राजधानीच्या ‘नाही’पुढे ती पुरली नाही.

ज्यांचं सर्वांत जास्त रक्त सांडलं, त्यांचा प्रश्न अंतर, भाषा आणि प्रश्नांची मांडणी यांवर हरला. म्हणून हा लेख राखीव जागांपासून सुरू होत नाही. राखीव जागा हव्यातच, पण त्या मिळाल्या की काम झालं असं समजणाऱ्या कितीतरी चळवळी पुढे फसल्या. समावेश ठरतो तो आधीच्या रुक्ष, तांत्रिक महिन्यांत. अंतरिम नियम कोण लिहितं, नाव नोंदवायला कोणता कागद लागतो, उमेदवार यादीतून कोणाला उचलायचं हे कोण ठरवतं, सभागृहात दुभाषी असतो की नसतो, यांवर. संघटनांत काम करणाऱ्यांसाठी, निवडणूक यंत्रणेतल्या लोकांसाठी आणि मसुदा लिहिणाऱ्यांना मदत करणाऱ्यांसाठी कामाचा क्रम पुढे देतो आहे.

पहिली पायरी: वाटाघाटीच्या टेबलावरच शिरकाव करा

शांतता करार म्हणजे तात्पुरता कागद, खरी गोष्ट पुढे संविधान सभेत होईल, असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. टेबलावर बहुधा बंदूकधारीच बसलेले असतात, आणि ते आपापसांत जी वाटणी करतात ती पुढे दगडासारखी घट्ट होते.

बॉस्निया-हर्जेगोविनाची राज्यघटना म्हणजे १९९५ च्या डेटन कराराचं चौथं परिशिष्ट. लढाई थांबवण्यासाठी त्यात बोस्नियाक, सर्ब आणि क्रोएट असे तीन ‘घटक समाज’ मानले गेले. उरलेले सगळे ‘इतर’. तिघांच्या राष्ट्राध्यक्षमंडळात आणि संसदेच्या वरच्या सभागृहात ‘इतरां’ना उभंच राहता येत नाही. डर्वो सेज्दिच हे रोमा आणि याकोब फिंची हे ज्यू, दोघांनी याविरुद्ध युरोपीय मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली, पण घटनेतलं ते कलम हललं नाही. कारण ते बदलायला ज्यांची मतं लागतात, त्यांनाच त्याचा फायदा आहे.

उलट कोलंबियात २०१६ साली सरकार आणि फार्क ही बंडखोर संघटना यांच्या हवानातल्या वाटाघाटी संपत आल्या असताना आदिवासी आणि आफ्रोवंशीय संघटनांनी एकत्र आयोग उभा केला, धोशा लावला आणि करारात स्वतंत्र ‘वांशिक प्रकरण’ घालून घेतलं. ते अगदी शेवटच्या दिवसांत आलं, त्यामुळे आटोपशीर राहिलं. तरी पुढच्या प्रत्येक भांडणात बोट ठेवायला त्यांना एक पान मिळालं.

तेव्हा या टप्प्यावर तीन वाक्यं करारात घालून घ्या. संविधान सभेत किंवा मसुदा समितीत आमचे प्रतिनिधी असतील. ते आम्ही आमच्या पद्धतीने निवडू. आणि कराराने जे गट ओळखले आहेत त्यांपलीकडच्या नागरिकांना कोणतंही पद बंद असणार नाही. दुसऱ्या वाक्याला आधार हवा असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या १३ सप्टेंबर २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्याचं अठरावं कलम पुढे करा. तिसरं वाक्य सर्वांत साधं दिसतं. बॉस्नियात नेमकं तेच राहून गेलं.

दुसरी पायरी: कोण कोण आहे ते नीट मांडा

‘आदिवासी आणि वंचित’ असा एकच ढीग केला की त्यातला सर्वांत मोठा आणि बोलका गट सगळ्या जागा घेऊन जातो. भूमिहीन, अस्पृश्य मानले गेलेले, भटके, अपंग, विस्थापित आणि या प्रत्येकातल्या बायका, यांचे अडथळे वेगळे आहेत. मात्र युद्धानंतर माणसांना गटांत मोजणं धोक्याचंही असतं; त्याच याद्या हातात घेऊन कालपर्यंत घरं जाळली गेलेली असतात. त्यामुळे ओळख माणसाने स्वतः सांगितलेली धरावी, नोंद गोपनीय राहावी, आणि जनगणना होईपर्यंत निवडणूक अडवून धरू नये. ढोबळ अंदाजावर अंतरिम वाटा ठरवा आणि त्याच कायद्यात फेरतपासणीची तारीख लिहा.

तिसरी पायरी: कागदाचा प्रश्न सोडवा

नोंदणीच्या टेबलापाशी काय होतं ते जवळून बघा. पन्नाशीची बाई रांगेत उभी आहे. अधिकारी जन्मदाखला मागतो. ती घरात, जमिनीवर जन्मली. नवऱ्याचं ओळखपत्र मागतो. नवरा बेपत्ता आहे, आणि बेपत्ता असल्याचा दाखला द्यायला कोणी तयार नाही, कारण दाखला द्यायचा म्हणजे त्याला नेलं कोणी हे मान्य करायचं. पत्ता विचारतो, गाव जळालंय, ती छावणीत राहते. शेवटी तो नाव लिहितो, पण तिच्या भाषेतला उच्चार त्याला जमत नाही, म्हणून स्वतःला सोपं पडेल असं लिहितो. मतदानाच्या दिवशी यादीतलं नाव आणि ती सांगते ते नाव जुळत नाही. या बाईला कोणीही ‘तुला मताचा हक्क नाही’ असं म्हटलेलं नाही.

यावर उपाय आहेत आणि ते प्रत्यक्ष वापरलेले आहेत. नेपाळमध्ये दहा वर्षांच्या सशस्त्र संघर्षानंतर २००६ मध्ये शांतता करार झाला आणि २००७ च्या सुरुवातीला फिरती पथकं गावोगाव पाठवून सुमारे २६ लाख नागरिकत्वाची प्रमाणपत्रं वाटली गेली. पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहूनही ‘परके’ ठरवल्या गेलेल्या तराईतल्या, म्हणजे दक्षिणेकडच्या मैदानी पट्ट्यातल्या, मधेशी लोकांसाठी ही फार मोठी गोष्ट होती. दक्षिण आफ्रिकेने १९९४ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मतदार यादीच ठेवली नाही. ज्यांच्याकडे ओळखपत्र नव्हतं त्यांना तात्पुरती मतदार कार्डं दिली आणि दुबार मतदान रोखायला शाई वापरली. दोन्ही ठिकाणी गोंधळ झाला, तक्रारी झाल्या. तरी माझं मत असं की पहिल्या निवडणुकीत गोंधळाची जोखीम पत्करावी, माणसं गाळण्याची पत्करू नये.

नियमांत काय मागायचं: कागद नसेल तर समाजातल्या दोन-तीन जणांची शपथेवरची साक्ष चालेल, बाईच्या नोंदणीला नवऱ्याचा किंवा बापाचा कागद सक्तीचा नसेल, विस्थापिताला मूळ गावासाठी मत द्यायचं की आहे तिथे, हे तो स्वतः ठरवेल, नोंदणी कर्मचाऱ्यांत त्या भाषेचा माणूस असेल, आणि कच्ची यादी वस्तीवर मोठ्याने वाचून दाखवली जाईल. शेवटची मागणी क्षुल्लक वाटेल. पण भिंतीवर चिकटवलेली यादी ज्यांना वाचताच येत नाही, त्यांच्यापर्यंत चूक पोहोचण्याचा तोच एक रस्ता आहे.

चौथी पायरी: जागा कशा वाटल्या जाणार

इथे सर्वांत जास्त वेळ घालवा. पद्धतीचं नाव ऐकून समाधान मानू नका, तिची चाकं कशी फिरतात ते पाहा.

नेपाळची २००८ ची संविधान सभा ६०१ जणांची होती: २४० थेट मतदारसंघांतून, ३३५ प्रमाणशीर याद्यांतून (पक्षाला जितकी मतं, त्या प्रमाणात त्याच्या यादीतली माणसं), २६ नेमलेले. त्या २४० जागाही सहज मिळाल्या नव्हत्या. जानेवारी २००७ मध्ये अंतरिम संविधान जाहीर होताच तराईत मधेशी आंदोलन पेटलं, कारण लोकसंख्येच्या मानाने त्यांना मतदारसंघ कमी होते. माणसं मेली, मग दुरुस्ती झाली आणि थेट जागा २०५ वरून २४० वर गेल्या. याद्यांसाठी वाटे ठरले: मधेशी ३१.२ टक्के, दलित १३, जनजाती ३७.८, मागास प्रदेश ४, इतर ३०.२, आणि प्रत्येकात निम्म्या महिला. बेरीज शंभरच्या वर जाते, कारण एकच माणूस दोन गटांत मोजला जाऊ शकतो. दलित मधेशी बाई यादीत आली की तीन रकाने भरतात.

परिणाम बघा. थेट २४० जागांवर ३० महिला निवडून आल्या. यादीच्या ३३५ जागांवर १६१. देश तोच, मतदार तेच, दिवस तोच. फरक फक्त पद्धतीचा.

आता त्यातली गोम. मतं मोजून झाल्यावर यादीतली कोणती माणसं सभागृहात पाठवायची हे पक्षाचे नेते ठरवत होते. मतदानाच्या दिवशी यादीतल्या क्रमाला अर्थ नव्हता. म्हणजे प्रतिनिधी आपल्या समाजापेक्षा नेत्याचे जास्त देणेकरी झाले. कोटा मिळवताना म्हणून तीन प्रश्न विचाराच. यादीतला क्रम आधीच पक्का होतो का? वंचित उमेदवार वरच्या क्रमांकांवर येतील असा नियम आहे का? नियम मोडणाऱ्या पक्षाची यादी फेटाळली जाते, की नुसता दंड भरून सुटका होते?

दुसरा मार्ग राखीव जागांचा. भटक्यांना एका मतदारसंघात बांधता येत नाही, म्हणून अफगाणिस्तानात २००५ मध्ये कुचींसाठी २४९ पैकी १० जागा ठेवल्या आणि अख्खा देश त्यांचा एक मतदारसंघ मानला, म्हणजे कुची जिथे असेल तिथे मत देईल. कोलंबियाच्या १९९१ च्या घटनेने सिनेटमध्ये आदिवासींसाठी दोन जागा देशव्यापी मतदारसंघातून दिल्या, आणि २०१६ च्या कराराने युद्धाची झळ बसलेल्या भागांना प्रतिनिधीगृहात १६ तात्पुरत्या जागा दिल्या, जिथे प्रस्थापित पक्षांना उमेदवारच देता येत नाही. बुरुंडीत २००५ च्या घटनेने राष्ट्रीय सभेत ६० टक्के हुतू आणि ४० टक्के तुत्सी असा वाटा ठरवला आणि त्वा या छोट्या आदिवासी समाजासाठी ३ जागा ठेवल्या, पण त्या नियुक्तीने भरल्या जातात. त्वांनी स्वतः मत देऊन निवडलेले ते प्रतिनिधी नव्हेत. जागा कोणासाठी आहे याइतकंच ती भरतं कोण हेही विचारायला हवं.

तिसरा अडथळा उमेदवारीचा. निकाराग्वात यातामा ही किनाऱ्यावरच्या आदिवासींची संघटना. निवडणूक कायद्याने तिला राजकीय पक्षाचं रूप घ्यायला लावलं आणि प्रदेशातल्या ८० टक्के नगरपालिकांत उमेदवार उभे करण्याची अट घातली, त्यात बिगर-आदिवासी वस्तीच्या नगरपालिकाही आल्या. नोव्हेंबर २००० ची निवडणूक तिच्याशिवाय झाली. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २००५ मध्ये सांगितलं की पक्षाचा साचा या समाजांच्या रीतीत बसत नाही आणि तो लादणं हा भेदभाव आहे. मसुदा करणाऱ्यांपुढे हा निकाल ठेवा आणि संघटना, ग्रामसभा, पारंपरिक मंडळ यांनाही उमेदवार देता येईल असं कलम मागा. अनामत रकमेला आणि शिक्षणाच्या अटीलाही इथेच विरोध करायचा.

पाचवी पायरी: मतदानाचा दिवस

याबद्दल बरंच लिहिलं जातं म्हणून थोडक्यात. केंद्र चालत जाण्याच्या अंतरावर हवं, आणि ते कालच्या छळछावणीच्या किंवा ठाण्याच्या इमारतीत नको. मतपत्रिकेवर चिन्हं आणि फोटो हवेत. लहान वस्तीची मतं वेगळी मोजली की गावाने कोणाला मत दिलं ते उघड होतं आणि सूड घेतला जातो, म्हणून अशा पेट्या दुसऱ्या केंद्रांबरोबर एकत्र करून मोजाव्यात. निरीक्षकांत त्या समाजाची माणसं असावीत.

सहावी पायरी: सभागृहाच्या आत

माणूस निवडून आला म्हणजे त्याचं म्हणणं ऐकलं जाईलच असं नाही. नेपाळची पहिली संविधान सभा जगातल्या सर्वांत समावेशक सभांपैकी एक होती, जवळपास एक तृतीयांश महिला होत्या. तरी वादाचे मुद्दे आले की निर्णय मोठ्या पक्षांच्या मूठभर नेत्यांच्या बंद खोलीत व्हायचे. आदिवासी जनजाती सभासदांनी पक्षांच्या भिंती ओलांडून एकत्र गट केला, तर तो पक्षनेत्यांना खुपला. मे २०१२ मध्ये घटना न देताच सभा विसर्जित झाली.

यातून निघणारी मागणी म्हणजे सभेची कार्यपद्धती. नियमांची ही पुस्तिका पहिल्या आठवड्यात मंजूर होते, तेव्हा नवे सभासद राहायची खोली शोधत असतात आणि जुने मुरलेले राजकारणी नियम लिहीत असतात. आधीच मसुदा तयार ठेवा. त्यात असावं: ओळख, भाषा, जमीन अशा प्रश्नांवर पक्षादेश लागू नाही, आंतरपक्षीय गटांना अधिकृत मान्यता, खोली आणि कर्मचारी, प्रत्येक समितीत, विशेषतः साधनसंपत्ती आणि वित्त समितीत, जागा (संस्कृतीच्या समितीत बसवून बोळवण करण्याची सवय सगळीकडे आहे), सभासदाला आपल्या भाषेत बोलता येईल आणि कागद दोन दिवस आधी त्याच भाषेत मिळतील, आणि ज्या कलमाचा थेट परिणाम एखाद्या समाजावर होतो, त्यावर त्यांच्या प्रतिनिधींच्या बहुमताची वेगळी अट.

संख्या कमी असेल तर निराश होऊ नका. कोलंबियाच्या १९९१ च्या सभेत आदिवासींचे दोन निवडून आलेले सभासद होते, लोरेन्सो मुएलास आणि फ्रान्सिस्को रोहास बिर्री, आणि शस्त्र खाली ठेवलेल्या किंतिन लामे या आदिवासी गटाचा एक प्रतिनिधी, ज्याला बोलता येत होतं पण मत नव्हतं. सत्तरच्या वर सभासदांत हे तिघं. पण ते नेमक्या मागण्या घेऊन आले होते, आणि सामूहिक जमीन, स्वतःची न्यायव्यवस्था, सिनेटमधल्या जागा घेऊन गेले.

सातवी पायरी: लोकांना विचारणं म्हणजे काय

दक्षिण आफ्रिकेत १९९६ ची घटना बनताना सुमारे वीस लाख निवेदनं आली. त्यांत बहुतेक एकेका मागणीवरच्या सह्या होत्या, पण मसुदा छापून लाखोंच्या संख्येने वाटला गेला होता. नेपाळमध्ये जुलै २०१५ मध्ये मसुद्यावर देशभर मतं गोळा करायला दोन दिवस दिले गेले. दोन महिन्यांनी घटना जाहीर झाली, तेव्हा तराई पेटलेली होती आणि त्या आंदोलनांत चाळीसहून जास्त माणसं मेली.

आदिवासींच्या बाबतीत नुसतं ‘विचारलं’ पुरत नाही. मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती, हे चारही शब्द महत्त्वाचे आहेत. मुक्त म्हणजे बैठकीत बंदूकधारी उभे नकोत. पूर्व म्हणजे मसुदा पक्का होण्याआधी. माहितीपूर्ण म्हणजे कलमाचा परिणाम काय, हे कोणत्या जंगलावर आणि कोणत्या ओढ्यावर अशा भाषेत सांगणं. आणि संमती म्हणजे ‘नाही’ म्हणायची मुभा. व्यवहारात दोन फेऱ्या ठेवा: पहिली कोऱ्या कागदाची, दुसरी मसुद्याची, मध्ये निदान एक पीक निघून जाईल इतका काळ. पेरणी-कापणीच्या दिवसांत बैठक लावली की कोण येणार नाही ते आधीच ठरलेलं असतं. दुसऱ्या फेरीला जाताना पहिल्या फेरीतल्या कोणत्या सूचना घेतल्या, कोणत्या नाही आणि का, हे लिहून न्या.

आठवी पायरी: मजकुरातली पाचर

‘कायद्याने ठरवल्याप्रमाणे’ हे दोन शब्द दिसले की थांबा. हक्क दिलेला असतो आणि किल्ली पुढच्या संसदेच्या खिशात असते. यावर मला माहीत असलेला सर्वांत चांगला उतारा कोलंबियाचाच आहे. १९९१ च्या सभेत आफ्रोवंशीयांचा स्वतःचा एकही प्रतिनिधी निवडून आला नव्हता, तरी आदिवासी सभासदांच्या आणि आंदोलनाच्या जोरावर तात्पुरतं कलम ५५ आलं: काळ्या समाजांच्या सामूहिक जमिनीचा कायदा दोन वर्षांत करा, संसदेने नाही केला तर पुढच्या सहा महिन्यांत सरकार तो स्वतःच लागू करेल. मुदत होती, चुकवल्यास काय होईल ते लिहिलेलं होतं, आणि तयारीसाठी समाजाचे प्रतिनिधी असलेला आयोगही होता. ऑगस्ट १९९३ मध्ये ७० क्रमांकाचा कायदा आला. ही रचना कुठल्याही भाषेत, कुठल्याही हक्काला जोडता येते.

आणखी एक सावधगिरी. अंतरिम काळात मिळालेलं अंतिम घटनेत टिकतंय का ते आकड्यांत तपासा. नेपाळच्या संविधान सभेत यादीचा वाटा निम्म्याहून जास्त होता. २०१५ च्या घटनेत प्रतिनिधी सभेच्या २७५ पैकी ११० म्हणजे ४० टक्के राहिला. समावेश हा शब्द प्रस्तावनेत होता, जागा मात्र कमी झाल्या.

नववी पायरी: सार्वमत असेल तर

ग्वाटेमालाची कथा वर सांगितली. चिलीचं प्रकरण युद्धानंतरचं नव्हे, २०१९ च्या जनआंदोलनाच्या उद्रेकानंतरचं, पण धडा इथलाच आहे. संविधान सभेत १५५ पैकी १७ जागा आदिवासींना राखून बनलेला मसुदा सप्टेंबर २०२२ मध्ये जवळपास ६२ टक्के लोकांनी नाकारला. आतली बाजू मजबूत होती, बाहेरच्या बहुसंख्याकांशी बोलणं कमी पडलं. तेव्हा पहिल्या दिवसापासून काही माणसं फक्त या कामाला लावा: ‘दोन राष्ट्रं होतील’, ‘तुमची जमीन जाईल’ या भीतीला शेजारच्या गावात, शेजारच्या भाषेत उत्तर देणं. प्रश्नांची गाठोडी बांधू देऊ नका. आणि बांधणारच असतील, तर आपला मुद्दा नावडत्या कलमांबरोबर एका प्रश्नात जाऊ देऊ नका.

दहावी पायरी: पहिली स्थानिक निवडणूक

राजधानीतले कॅमेरे गेल्यावर हे काम सुरू होतं. नेपाळमध्ये २०१७ च्या स्थानिक निवडणुकीत प्रत्येक पाच जणांच्या वॉर्ड समितीत दोन महिला आणि त्यांतली एक दलित असा नियम होता, त्यामुळे एका फटक्यात साडेसहा हजारांहून जास्त दलित महिला निवडून आल्या. कुठेही अशी संधी आली, तर शपथविधीनंतरच्या पहिल्या महिन्यात त्यांच्याबरोबर बसा. वॉर्डाचं अंदाजपत्रक उघडा, ओळ न्‌ ओळ वाचा, आणि बैठकीची सूचना, इतिवृत्त, सही यांचे नियम समजावून सांगा. कोऱ्या इतिवृत्तावर सही करायची नाही, आणि आपला विरोध नोंदवून घेतल्याशिवाय उठायचं नाही, हे त्या बैठकीत जाण्याआधी दोनदा घोकून घ्या.